इंदूरच्या बाजारातली सिंथेटिक इंजिन ऑईलं: कोणतं घ्यावं, कुठे मिळतं, कितीला पडतं

टर्बो नसलेली पेट्रोल गाडी असेल, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर होत असतील आणि दर सर्व्हिसला ऑईल बदललं जात असेल, तर हजार-अकराशे रुपये लिटरचं ऑईल घेण्यात अर्थ नाही. योग्य ग्रेडचं सहाशे-सातशे रुपये लिटरचं फुली सिंथेटिक त्या गाडीत तितकंच काम देतं. उलट बीएस-६ डिझेल किंवा टर्बो पेट्रोल असेल, तर डब्याच्या मागे नेमकं मानक छापलेलं नसलेलं ऑईल फुकट मिळालं तरी इंजिनात घालू नये. पुढचा सगळा आढावा या दोन सल्ल्यांचा खुलासा आहे.

आधी 'सिंथेटिक' या शब्दाचं पाहू, कारण भावातला मोठा फरक याच शब्दावर उभा आहे. कच्च्या तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळणारं ते ग्रुप ३ बेस ऑईल. रसायनांपासून रेणू जुळवून केलेलं पीएओ म्हणजे ग्रुप ४. एस्टर येतं ग्रुप ५ मध्ये. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरून वाद झाला आणि जाहिरातींची तक्रार ऐकणाऱ्या मंडळाने निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून ग्रुप ३ ऑईलही 'सिंथेटिक' म्हणून विकता येतं. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक फुली सिंथेटिक डब्यांत मुख्य भाग ग्रुप ३ चाच असतो. यात फसवणूक काही नाही. चांगलं ग्रुप ३ आणि योग्य ॲडिटिव्ह मिळून उत्तम ऑईल बनतं. 'सेमी सिंथेटिक' म्हणजे साधं मिनरल आणि सिंथेटिक यांचं मिश्रण, त्यात सिंथेटिक किती याचं प्रमाण मात्र डब्यावर लिहायचं बंधन नाही, म्हणून सेमीसाठी फुलीच्या जवळपासचा भाव कोणी मागत असेल तर सरळ फुली घ्यावं.

आता इंदूरच्या उन्हाचा प्रश्न. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो आणि गल्लीतला मिस्त्री सांगतो, "गर्मीत पातळ ऑईल चालत नाही, २०डब्ल्यू-५० टाका." कारच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांत राखतो, मग बाहेर दहा अंश असोत की त्रेचाळीस. ऑईल त्याच गरमीत काम करतं. ग्रेडमधला पहिला आकडा, म्हणजे ०डब्ल्यू, ५डब्ल्यू, थंड इंजिन सुरू होताना ऑईल किती वाहतं ते सांगतो. गरम इंजिनातला घट्टपणा दुसऱ्या आकड्यावरून कळतो. १०० अंशांना ३० ग्रेडची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. म्हणजे ०डब्ल्यू-४० हे गरम इंजिनात १५डब्ल्यू-४० इतकंच घट्ट. शून्य पाहून घाबरायचं कारण नाही.

आणि सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की वरच्या कॅमपर्यंत ऑईल पोचायला जो वेळ लागतो त्यात झीज सर्वांत जास्त होते. २०डब्ल्यू-५० तिथे उशिरा पोचतं. मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे. त्यांचे ऑईल पंप आणि बेअरिंगमधल्या फटी त्याच हिशेबाने केलेल्या असतात. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर मायलेज पडतं, आणि ज्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग ऑईलच्या दाबावर बदलतं तिथे ते काम सुस्त होतं.

इंदूरचं ऊन खरं बाधतं ते हवेने थंड होणाऱ्या दुचाकींना. त्यांना थर्मोस्टॅट नसतो. राजवाडा ते जवाहर मार्ग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाताना इंजिनावरून वारा जात नाही आणि सिलिंडर हेड तापतच राहतं. तिथे मॅन्युअलने दिलेल्या पट्ट्यातली वरची ग्रेड, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४०, उन्हाळ्यात घालणं समजूतदारपणाचं. मॅन्युअलमध्ये तापमानाचा तक्ता असेल तर त्याबाहेर मात्र जाऊ नये.

डबा उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पेट्रोल कारसाठी एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्था) या संस्थेचं एसपी मानक पाहावं. हे मानक मे २०२० पासून आलं. त्यात टायमिंग चेनची झीज आणि टर्बो इंजिनातलं अवेळी पेट घेणं या दोन्हीच्या चाचण्या आहेत. २०२५ पासून एसक्यू आलं आहे, तेही चालतं. ही मानकं मागच्यांना सामावून घेतात, त्यामुळे आधीचं एसएन मागणाऱ्या गाडीत एसपी निर्धास्त घालावं. उलट करू नये. छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ऑईलचे थेंब ज्वलनकक्षात जाऊन अवेळी स्फोट होतो आणि पिस्टनचा काठ तुटू शकतो. जुन्या मानकाच्या ऑईलमध्ये कॅल्शियमची डिटर्जंट जास्त असत, त्यांचा यात हात असतो. नव्या ऑईलांमध्ये म्हणून कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम आणलं गेलं.

बीएस-६ डिझेलमध्ये धुराच्या नळीत काजळीची जाळी, म्हणजे डीपीएफ असते. ऑईल जळून जी राख उरते ती या जाळीत कायमची बसते. काजळी जाळून टाकता येते, राख नाही. म्हणून एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं कमी राखेचं ऑईल लागतं. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांपर्यंत, तर ए३/बी४ मध्ये १.६ टक्क्यांपर्यंत चालते. डब्यावर 'डिझेल आणि पेट्रोल दोन्हीसाठी' असं मोठ्या अक्षरात असलं तरी मागे फक्त ए३/बी४ असेल, तर बीएस-६ डिझेलवाल्यांनी तो परत ठेवावा. ए३/बी४ हे जुन्या, डीपीएफ नसलेल्या डिझेलला आणि पुष्कळशा युरोपीय पेट्रोल गाड्यांना योग्य.

बीएस-६ डिझेल गाड्यांची आणखी एक गोष्ट इंदूरमध्ये नेहमी आढळते. भंवरकुआ ते विजयनगर असा सात-आठ किलोमीटरचा रोजचा फेरा असला की जाळीतली काजळी जाळण्याचं चक्र अर्धवट सुटतं. त्या चक्रात जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. मग ऑईलची पातळी मोजायच्या पट्टीवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. वरच्या खुणेच्या वर गेलं असेल तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता बदलायचं. किती महागाचं घातलं होतं याला तिथे काही किंमत नाही, डिझेल मिसळलं की प्रत्येक ऑईल पातळ होतं. आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास एका वेगाने गाडी चालवली तर ही वेळ बहुधा येत नाही.

आता ब्रँड.

शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० चं बेस ऑईल नैसर्गिक वायूपासून बनतं, कतारमधल्या पर्ल प्रकल्पात. गंधक जवळजवळ नाही, बाष्पीभवन कमी. मर्सिडीज आणि फोक्सवॅगनच्या मंजुऱ्या डब्यावर आहेत. ४० ग्रेड मागणाऱ्या युरोपीय पेट्रोल गाडीला आमची पहिली पसंती याला. साध्या हॅचबॅकला त्याच घरचं हेलिक्स एचएक्स८ पुरतं, तेही फुली सिंथेटिक आहे. एचएक्स७ सेमी, हे लक्षात ठेवावं. दोन्ही डबे शेजारी असतात आणि घाईत चुकीचा हातात येतो.

मोबिल १ हे नाव एकच असलं तरी डबे निरनिराळे आहेत. ०डब्ल्यू-४० युरोपीय गाड्यांसाठी, ईएसपी ५डब्ल्यू-३० कमी राखेचं म्हणजे डीपीएफ असलेल्या डिझेलचं, आणि साधं ५डब्ल्यू-३० पेट्रोलचं. "मोबिल वन द्या" एवढंच सांगून घेतलं तर डिझेलमध्ये पेट्रोलचं जायला वेळ लागत नाही. खालच्या पायरीवरचं मोबिल सुपर ३००० फुली सिंथेटिक आहे आणि भावाच्या मानाने फार चांगलं. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात ते नावात 'वन' नाही म्हणून.

कॅस्ट्रॉलचा जोर उपलब्धतेत आहे. मॅग्नाटेक आणि जीटीएक्स इंदूरच्या लहानशा दुकानातही असतात, धार किंवा खरगोनकडे गेलात तरी मिळतात. मॅग्नाटेकच्या वेगवेगळ्या डब्यांवर सेमी की फुली हे वाचूनच घ्यावं. एज ही वरची श्रेणी आणि तिच्यातलं ५डब्ल्यू-३० एलएल डीपीएफवाल्यांच्या कामाचं. प्रवासात अर्धा लिटर वर घालायची वेळ आली तर वाटेत मिळेल असं ऑईल वापरण्याला किंमत आहे, आणि तिथे कॅस्ट्रॉल पुढे राहतं.

मोतुल कारपेक्षा दुचाकीत जास्त उजवं ठरतं. ७१०० हे एस्टर असलेलं फुली सिंथेटिक, जासो (जपानी वाहन मानक) एमए२ दर्जाचं, तापलेल्या इंजिनात गिअर मऊ पडतात ते यात सरळ जाणवतं. ५१०० सेमी आहे आणि दीडशे सीसीच्या रोजच्या गाडीला पुष्कळ. ३००व्ही शर्यतीचं ऑईल आहे. ऑफिसला जाणाऱ्या मोटरसायकलमध्ये ते घालणं म्हणजे पैसे ओतणं.

सरकारी कंपन्यांची सर्वो, एचपी आणि मॅक ही ऑईलं उगाच हलकी समजली जातात. ग्रेड आणि मानक जुळत असेल तर त्यांत कमी काही नाही, आणि पेट्रोल पंपावर कंपनीच्या पुरवठ्यातून येत असल्याने नकलीची भीती फार कमी. अडचण एवढीच की पंपावरच्या कपाटात बहुतेक २०डब्ल्यू-५० आणि १५डब्ल्यू-४० असतं, ५डब्ल्यू-३० मागवून घ्यावं लागतं.

गाडीच्या कंपनीचं स्वतःचं ऑईल हा सर्वांत कमी चर्चेचा आणि बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा पर्याय. मारुती, ह्युंदाई, टोयोटा, टाटा, होंडा यांच्या डब्यातलं ऑईल मोठ्या ऑईल कंपन्याच बनवून देतात. मानक जुळवायची डोकेदुखी संपते, आणि ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सारख्या ग्रेडसाठी जेन्युइन पार्ट्सच्या काउंटरइतका खात्रीचा ठिकाणा इंदूरमध्ये दुसरा नाही.

भावाचं ढोबळ चित्र असं, छापील किमतीचं, १८ टक्के जीएसटी धरून: मिनरल लिटरला तीनशे-चारशे, सेमी चारशे ते साडेपाचशे, फुली सिंथेटिकची खालची पायरी साडेपाचशे ते आठशे, वरची नऊशेच्या पुढे. आयात केलेलं त्याहून महाग. पण लिटरचा भाव पाहून ठरवू नये, हजार किलोमीटरला काय पडतं ते काढावं. साडेतीन लिटरचा डबा धरा, आणि फिल्टर व मजुरी मिळून वेगळे ३५० रुपये. ३५० रुपये लिटरचं मिनरल ५,००० किलोमीटरला बदललं तर एका वेळचा खर्च १,५७५, म्हणजे हजार किलोमीटरला ३१५ रुपये. ७०० रुपये लिटरचं सिंथेटिक १०,००० ला बदललं तर २,८००, म्हणजे २८०. अकराशेचं घेऊन १०,००० लाच बदललं तर ४,२००, म्हणजे ४२०. मधली पायरी सर्वांत स्वस्त पडते, आणि वरून इंजिन जास्त स्वच्छ राहतं.

महाग ऑईल पंधरा हजार चालवून पैसे वसूल करायचा मोह होतो. तो टाळावा. मॅन्युअल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतं तेव्हा त्यात जे आधी येईल ते खरं. शिवाय लहान फेऱ्या, वाहतुकीत रांगणं आणि धूळ यांना मॅन्युअल 'कठीण वापर' म्हणतं आणि मुदत कमी सांगतं. सीएनजीवाल्यांनी तर मुदत ताणूच नये. पेट्रोलमध्ये ऑईल काळं पडतं तसं सीएनजीत पडत नाही, म्हणून ते चांगलं आहे असं वाटतं, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे ते आतून घट्ट होत जातं.

खरेदीला सियागंज आणि छोटी ग्वालटोली हे सरळ रस्ते. ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० तिथे सहज मिळतं आणि छापील किमतीवर थोडी सूटही. देवास नाक्याकडे मुख्यतः ट्रकचं ऑईल, वीस लिटरच्या बादल्यांत. कारसाठी तिथे जाण्याचं कारण नाही. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगरच्या मिस्त्र्यांकडे ऑईल स्वतः घेऊन जावं. ड्रममधलं सुटं ऑईल, कितीही ओळखीचा मिस्त्री असला तरी, घेऊ नये. त्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

नकली ऑईलची निम्मी वाट आपण स्वतः करून देतो. रिकामा डबा मिस्त्रीकडे सोडला की तो भंगारात जातो, आणि तिथून भरून परत बाजारात येऊ शकतो. ऑईल ओतून झालं की डब्याला खिळ्याने भोकं पाडा आणि लेबल फाडा. घेताना झाकणाची कडी अखंड आहे का, खाली फॉइलचं सील सपाट चिकटलेलं आहे का, बॅच नंबर पुसट किंवा खरवडलेला नाही ना, हे पाहा. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा आणि उघडणारं पान कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळाचं आहे ना तेही. बाजारभावापेक्षा तीस-चाळीस टक्के स्वस्त डबा कोणी देत असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही, परत ठेवा. पक्कं बिल मागा.

दुचाकीवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. स्प्लेंडर, पल्सर, बुलेट यांचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून जासो एमए किंवा एमए२ हवं. कारचं ऑईल किंवा स्कूटरचं एमबी घातलं तर घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यामुळे क्लच घसरतो, इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि गाडी पुढे सरकत नाही. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. स्कूटरमध्ये एमए गेलं तर बिघडत काही नाही, मायलेज थोडं कमी होतं. कारचं ऑईल मोटरसायकलमध्ये न घालण्याचं दुसरंही कारण आहे. गिअरचे दात त्याच ऑईलमधले लांब पॉलिमर चिरडतात आणि ४० ग्रेडचं ऑईल बघता बघता ३० सारखं पातळ होतं.

बदलताना काय चुकतं ते थोडक्यात. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करावं, गाडी सपाटीवर घ्यावी. ड्रेन बोल्ट काढून दहा-पंधरा मिनिटं ठिबकू द्यावं. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, दहा-वीस रुपयांची वस्तू वाचवली की तिथूनच पाझर सुरू होतो. ॲल्युमिनियमच्या संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) बोल्ट हाताने आधी तीन-चार आटे फिरवून मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळावा. आटे गेले की संपच बदलायची वेळ येते. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोटाने तपासा. दोन रबरं एकावर एक बसली तर गाडी सुरू करताच दाबाने सगळं ऑईल बाहेर पडतं. नव्या रबराला ऑईलचं बोट लावा आणि टेकल्यावर पाऊण फेरा हातानेच आवळा.

स्विफ्टसारख्या गाडीत तीन ते सव्वातीन लिटर मावतं, म्हणून साडेतीनचा डबा पूर्ण ओतायचा नाही. आधी तीन लिटर, एक मिनिट इंजिन, पाच मिनिटं विश्रांती, मग पट्टी पाहून बाकीचं. जास्त झालेलं ऑईल क्रँक घुसळून फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगला आधार मिळत नाही. इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलला सात ते साडेसात लिटर लागतं. तिथे एकेक लिटरचे सुटे डबे जोडत गेलं तर महाग पडतं, मोठे डबे पाहावेत.

मानपूर किंवा बिजासनचा घाट भरल्या गाडीने चढून ढाब्यावर थांबलात, तर टर्बोची गाडी लगेच बंद करू नका. मिनिटभर आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑईल तिथेच करपतं. चांगलं सिंथेटिक इथे मिनरलपेक्षा नक्की जास्त टिकतं. घाटातून महाराष्ट्रात नेहमी जाणाऱ्या टर्बो गाडीने वरच्या पायरीचं ऑईल घेतलं तर त्या जादा पैशांना अर्थ आहे.

दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेलं, ऑईल जाळणारं जुनं इंजिन असेल तर सिंथेटिकच्या नादी लागू नये. मॅन्युअल परवानगी देत असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल घालावं आणि दर पाचशे किलोमीटरला पट्टी पाहावी. कडक झालेल्या जुन्या सीलांच्या फटीत बसलेला गाळ सिंथेटिकची डिटर्जंट धुऊन काढू शकतात आणि गळती उघडी पडू शकते.

निघालेलं ऑईल डब्यात भरून नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा मोठ्या वर्कशॉपमध्ये द्या. नालीत गेलेलं ऑईल शेवटी कान्ह नदीतच पोचतं. मिस्त्रीने बादली गटाराकडे नेलीच, तर त्याला तिथेच थांबवा.